दुधाच्या दाढेतल्या जीआयसीवर कोट कोणता? व्हॅसलीन, वार्निश की लाइट-क्युअर

सातपुडा३२

नमस्कार मंडळी. मेळघाटातल्या आश्रमशाळांच्या शिबिरांसाठी नेमका सल्ला हवा आहे.

मुलं ६ ते १० वर्षांची. काम हाताच्या अवजारांनीच चालतं: एक्स्कॅव्हेटरनं कीड काढायची आणि फुजी नाइनच्या जातीचं घट्ट जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) भरायचं. पावडर आणि लिक्विड हातानं कालवतो. खुर्ची नाही, मुलाला शाळेच्या टेबलावर झोपवतो. सक्शन नाही. बिनवायरीचा एलईडी क्युअरिंग लाइट आहे. वीज येऊन-जाऊन.

सहा महिन्यांनी तपासलं की तीन प्रकारची भरणं खराब दिसतात. काहींचा वरचा थर पांढरा, खडूसारखा, प्रोबनं खरवडला तर भुगा निघतो. काहींवर केसाएवढ्या बारीक भेगा. आणि दोन दाढांच्या मधली, म्हणजे दोन पृष्ठांची भरणं, यांचा अर्धा तुकडा गेलेला असतो.

आत्ता बोटाला व्हॅसलीन लावून दाबतो आणि वरून लाइट-क्युअर कोट लावतो. हा कोट म्हणजे लाइटनं कडक होणारा रेझिनचा पातळ थर. तरी हे का होतं? कोट बदलावा का? वार्निश स्वस्त पडते, ती चालेल का? आणि कोट लावला की जीआयसीतला फ्लोराइड अडतो असं ऐकलं, ते खरं का?

---

बालदंत_वर्धा

सर, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: "व्हॅसलीन लावून दाबतो आणि वरून लाइट-क्युअर कोट लावतो." हे दोन्ही एका भरणावर जमत नाहीत. व्हॅसलीनचा थर राहिला की रेझिनचा कोट धरत नाही. लाइट मारल्यावर वरून चकचकीत दिसतो, पण खालून सुटलेला असतो आणि पहिल्या जेवणातच पापुद्रा निघतो. कापसानं पुसून व्हॅसलीन पूर्ण जात नाही. स्पिरिटनं पुसायला जावं तर ताज्या जीआयसीतलं पाणीच ओढलं जातं. तेव्हा काम सुरू करण्याआधी ठरवून टाका, या दाढेवर व्हॅसलीन की रेझिन.

आता पांढरं पडणं आणि भेगा. दोन्हींत गडबड पाण्याचीच, पण दिशा उलटी.

कालवल्यावर आम्ल काचेच्या कणांतून आधी कॅल्शियम सोडवतं आणि त्यावर पहिली पकड बसते. ती काही मिनिटांत होते, म्हणून आपल्याला वाटतं की भरण "बसलं". ॲल्युमिनियमची पकड, जिच्यावर खरी ताकद आहे, ती मागाहून सावकाश येते. पहिले २४ तास त्यातले महत्त्वाचे, आणि पुढेही काही आठवडे ते चालू राहतं. या मधल्या काळात थुंकी लागली तर सुटे आयन धुऊन जातात आणि वरचा थर कच्चा राहतो. हाच तुमचा खडू.

उलट, कापसाचे बोळे लावून तोंड उघडं ठेवलं, मूल तोंडानं श्वास घेतंय, वर पंखा गरगरतोय, तर सिमेंटमधलं सैल पाणी उडून जातं आणि ते आकसतं. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीला भेगा पडतात ना, तसंच. पाणी गेलं, आकसलं, फाटलं. म्हणून भरणावर थ्री-वे सिरिंजनं हवा मारणं किंवा ते "वाळू देणं" नको. टिपायचं, वाळवायचं नाही.

कोट या दोन्हींपासून वाचवतो, आणि तेही मुख्यतः पहिल्या दिवसापुरतं. त्याच्याकडून याहून मोठी अपेक्षा ठेवली की निराशा येते. तुमची तिसरी तक्रार, म्हणजे मधल्या भरणाचा तुकडा पडणं, कोटानं सुटणार नाही. त्यावर कुणीतरी सविस्तर लिहावं.

---

मटेरियल_कट्टा

कोटांचा हिशेब असा.

व्हॅसलीन: स्वस्त, विजेची गरज नाही. बोटाला चिकटू न देणं आणि झाकणं, दोन्ही कामं एकदम होतात. पण जीभ फिरली, गाल घासला की निघून जातं. पहिली काही मिनिटं सांभाळतं, जेवणापर्यंत टिकत नाही.

वार्निश: द्रावक उडाला की पातळ पापुद्रा मागे राहतो. त्याला बारीक छिद्रं राहतात, म्हणून एक थर वाळवून वर दुसरा द्यावा. व्हॅसलीनपेक्षा बरी, रेझिनपेक्षा कमी. लाइट नसेल तर हाच मधला मार्ग.

लाइट-क्युअर रेझिन: जी-कोट प्लस, इक्विया कोट या जातीचे. अति बारीक फिलर असतात आणि थर जेमतेम ३५ ते ४० मायक्रॉनचा. बारीक खाचा भरून पृष्ठभाग बंद करतात. आधी फॉस्फोरिक आम्लानं एच, म्हणजे खरबरीत, करायची गरज नाही. लावल्यावर हवा मारू नका, काहून की थर एका बाजूला ढकलला जातो आणि कडा उघडी पडते. लावला की लगेच २० सेकंद लाइट.

प्रयोगशाळेत रेझिन कोट उजवा ठरतो. तोंडातल्या चाचण्यांत मात्र निकाल मिश्र आहेत. कुठे भरण जास्त टिकलं, कुठे व्हॅसलीनइतकंच. दुधाच्या दाताला वर्ष-दोन वर्षंच काढायची असतील तर खर्चाचा विचार करूनच बाटली घ्या.

फ्लोराइडचं: होय, कोट असताना सुरुवातीचा झोत कमी होतो. पण चावण्याच्या पृष्ठभागावरचा कोट झिजतो आणि मग सिमेंट पुन्हा फ्लोराइड सोडतं, पेस्टमधून परत भरूनही घेतं. खडूसारखं पडलेलं भरण फ्लोराइड भरपूर सोडेल हो, पण ते स्वतःच विरघळत चाललेलं असतं.

आणि रंग नसलेली नेलपॉलिश. प्रयोगशाळेत तिनं पाणी चांगलं अडवल्याचं वाचून लोक विचारतात. मुलाच्या तोंडात नको. ती तोंडासाठी बनवलेली नाही, विषय संपला.

---

सातपुडा३२

हे माहीतच नव्हतं. मग रेझिन कोट लावायचा तर दाबायचं कशानं? कोरड्या ग्लोव्हला जीआयसी चिकटून सगळं वर येतं.

---

बालदंत_वर्धा

पारदर्शक मॅट्रिक्स पट्टी. चावण्याच्या पृष्ठभागावर तिचा तुकडा ठेवायचा आणि वरून बोटानं दाबायचं. पट्टी जागेवर आहे तोवर थुंकीही अडते, वारंही अडतं. पहिल्या काही मिनिटांचा कोट म्हणजे पट्टीच.

क्रम लिहितो, घड्याळ कालवायला सुरुवात केली तिथून.

आधी खळगा. कडेची सगळी कीड काढा, तळाशी मज्जेजवळची (दाताच्या नसेजवळची) चामड्यासारखी मऊ डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, राहिली तरी चालेल. मग कंडिशनर, म्हणजे खळगा साफ करून पकड देणारं सौम्य आम्ल. १० टक्के पॉलीॲक्रिलिक आम्ल २० सेकंद, किंवा ओल्या बोळ्याला जीआयसीच्या लिक्विडचा थेंब टेकवून १० ते १५ सेकंद. पण लिक्विडची पाटी वाचा. काही ब्रँडमध्ये आम्ल वाळवून पावडरीत घातलेलं असतं, त्यांचं लिक्विड या कामाचं नाही. नंतर पाण्याच्या बोळ्यांनी दोन-तीनदा पुसा आणि कोरड्या बोळ्यानं टिपा. तळ किंचित ओलसर, चकाकणारा हवा, पांढराफटक नको. इथे थुंकी किंवा रक्त लागलं तर कंडिशनर पुन्हा. व्हॅसलीनचा डबा या टप्प्यापर्यंत उघडूच नका. ग्लोव्हचा एक डाग खळग्यात लागला तरी पकड गेली.

मिश्रण: फुजी नाइन जीपीचं प्रमाण वजनानं ३.६ ग्रॅम पावडरीला १ ग्रॅम लिक्विड. म्हणजे त्याच पेटीतल्या चमच्यानं एक सपाट चमचा आणि एक थेंब. थेंब टाकताना बाटली आधी आडवी धरा, मग सरळ उलटी, म्हणजे हवेचा बुडबुडा येत नाही. बुडबुड्याचा थेंब अर्धाच असतो. पावडरीचे दोन भाग करा, पहिला १० सेकंद, मग दुसरा, सगळं मिळून २५ ते ३० सेकंदांत. "घट्ट होतंय" म्हणून पावडर कमी घालण्याची सवय फार ठिकाणी आहे. पातळ मिश्रण लावायला सोपं आणि झिजायलाही सोपं. खडूसारखं पडण्याचं थुंकीनंतरचं दुसरं कारण हेच.

२ मिनिटांच्या आत, चकाकी असेपर्यंत, भरून दाबायला हवं. चकाकी गेली म्हणजे दाताला धरणारं मोकळं आम्ल संपत आलं. तो गोळा भरला तर दिसायला भरण, खालून पोकळ. फेका आणि नवीन कालवा.

पट्टी काढताना वर ओढू नका, एका बाजूला सरकवून काढा. कडेचं जास्तीचं कार्व्हरनं खरवडा, दाताकडून भरणाकडे नको, भरणाकडून दाताकडे. सुरुवातीपासून ६ मिनिटं झाली की आर्टिक्युलेटिंग पेपरनं (चाव्याचा ठसा उमटवणाऱ्या कागदानं) चावा तपासा, हाय पॉइंट, म्हणजे उंच राहिलेली जागा, काढा. आणि मगच कोट. आधी कोट लावून मग चावा घासला तर नेमका ज्या जागी जोर येतो तिथलाच कोट गेला. तसं झालंच तर ओल्या बोळ्यानं पुसा, टिपा, कोट पुन्हा लावा, पुन्हा २० सेकंद.

व्हॅसलीनचा मार्ग निवडला तर हेच सगळं, फक्त पट्टीऐवजी बोट, आणि चावा तपासल्यावर व्हॅसलीनचा ताजा थर. एक तास खाणं बंद.

---

तापमान४५

वरच्या उत्तरात एक भर. ती २ मिनिटं २३ अंशांच्या खोलीतली आहेत. मे महिन्यात पत्र्याच्या वर्गखोलीत २३ अंश कुठून आणायचे बाप्पा? तिथे मिश्रण पाहता पाहता चकाकी सोडतं, आणि तेच भरलं जातं. तुमच्या शिबिराचा महिना आणि खराब भरणं यांचा मेळ घालून बघा.

उपाय साधा. काचेची पाटी माठाच्या पाण्यात बुडवून ठेवा, काढून कोरड्या सुती फडक्यानं पूर्ण पुसा आणि तिच्यावर कालवा. माठाचं पाणी उन्हाळ्यात पुरेसं गार असतं. फ्रिजमधली पाटी कोरड्या उन्हाळ्यात कदाचित चालून जाईल, पण जुलै-ऑगस्टात तिच्यावर दव धरतं. ते पाणी मिश्रणात गेलं की प्रमाण बिघडलं. पावसाळ्यात सरळ कागदी पॅड वापरा.

लिक्विडची बाटली मात्र फ्रिजमध्ये नको. ते दाट होतं आणि थेंबाचा आकार बदलतो. बूच उघडं राहिलं तरी पाणी उडून तेच होतं. पावडरीचं उलटं, ती ओल ओढते. कूलरसमोर पावडरीची बाटली उघडी ठेवणं हा आपल्याकडचा खास प्रकार. कूलरची हवा ओली असते, ती थेट बाटलीत जाते आणि महिनाभरात गुठळ्या. कूलर खोलीला असू द्या, पण मिश्रणाच्या टेबलावर आणि मुलाच्या तोंडावर झोत नको.

रेझिन कोटाचं तर याहून नाजूक. त्यात मिथाइल मेथाक्रिलेट असतं, झाकण उघडं राहिलं की उडतं आणि कोट दाट होतो. डॅपेन डिशमध्ये (छोट्या वाटीत) दोन-तीन दातांपुरताच थेंब घ्या, वर नारिंगी झाकण ठेवा. व्हरांड्यात उजेड चांगला म्हणून तिथे टेबल मांडतात, तर उन्हात किंवा हेडलॅम्पखाली तो डिशमध्येच धरायला लागतो. एकदा वापरलेला ब्रश पुन्हा बाटलीत बुडवू नका.

लाइटची खात्री अशी करा: काचेवर कोटाचा एक थेंब, २० सेकंद लाइट, मग प्रोबनं ओरखडा. वरचा थर थोडा चिकट राहणारच, हवेतल्या ऑक्सिजनमुळे. ओल्या बोळ्यानं तो पुसला म्हणजे मुलाला कडू लागत नाही. पण खाली द्रव राहिला असेल तर बॅटरी उतरली किंवा टोकावर जुनं रेझिन चिकटलंय. शिबिराच्या आदल्या रात्री चार्जिंगला लावणं हे ज्याच्या यादीत नाही त्यानं वार्निश न्यावी.

---

हॉलवाली_मॅडम

मधल्या भरणांबद्दल मी लिहिते.

एआरटी, म्हणजे फक्त हाताच्या अवजारांनी कीड काढून केलेल्या भरणांचे एकत्रित निकाल पाहिले तर दुधाच्या दातांत एका पृष्ठाची भरणं दोन वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त शाबूत असतात. अनेक पृष्ठांची साठीच्या आसपास. १९९४ साली ७ एप्रिलच्या जागतिक आरोग्य दिनापासून जागतिक आरोग्य संघटनेनं ही पद्धत पुढे आणली, पण हा फरक काही मिटला नाही. अनेक पृष्ठांच्या भरणांत मार पडतो तो कडेच्या उंचवट्यावर, आणि जीआयसी ताणात ठिसूळ आहे. ३५ मायक्रॉनचा कोट त्याला वाकण्यापासून कसा वाचवणार?

तरी भरायचंच असेल तर दोन गोष्टी बघा. पट्टीबरोबर लाकडी वेज (पाचर) लावा. नाहीतर हिरडीकडे सिमेंट बाहेर येतं, त्यावर रेझिन कोट साचतो, पायरी तयार होते आणि हिरडी सुजून रक्त येत राहतं. कोट लावल्यावर, लाइट मारण्याआधी, फटीतून फ्लॉस एकदा फिरवा. दुसरं, कडेचा उंचवटा शेजारच्या दाढेपेक्षा वर ठेवू नका. ज्वारीच्या भाकरीचा कडक पापुद्रा पहिला तिथेच बसतो.

माझ्या मते आठ वर्षांच्या आतल्या मुलाची दुधाची दाढ दोन पृष्ठांनी किडली असेल आणि मज्जेला लागण नसेल तर हॉल पद्धतीचा स्टीलचा क्राउन (दाढेवर बसणारी तयार टोपी) लावा. सुई नाही, दात घासणं नाही. गरज पडली तर रबरी सेपरेटर दाढांच्या फटीत ३ ते ५ दिवस आणि मग जीआयसी भरून क्राउन दाबून बसवायचा. आश्रमशाळेत मुलं मुक्कामी असतात, चार दिवसांनी तीच मुलं तिथेच भेटतात, हा तुमचा मोठा फायदा. चावा एक-दीड मिलिमीटर उंच राहतो, काही आठवड्यांत आपोआप बसतो. मूल टेबलावर आडवं असेल तर घशाशी गॉज हवाच, निसटलेला क्राउन श्वासनलिकेत जाता कामा नये. रात्री ठणकणारी, हिरडीवर फोड असलेली किंवा हलणारी दाढ मात्र या यादीतून बाद.

पडायला आलेल्या दाढेचं वेगळं. पहिली दुधाची दाढ साधारण ९ ते ११ व्या वर्षी पडते, दुसरी १० ते १२ व्या. दहा वर्षांच्या मुलाच्या पहिल्या दाढेवर महागडा कोट कशाला? व्हॅसलीन पुरे.

---

रंगपेटी

कुणी लिहिलं नाही म्हणून. त्याच शिबिरात फ्लोराइड जेल लावत असाल तर ते एपीएफ, म्हणजे आम्ल असलेलं १.२३ टक्क्यांचं, नाही ना? ते जीआयसीच्या काचेच्या कणांनाच खातं. भरण खडबडीत आणि पांढरं. सोडियम फ्लोराइडची ५ टक्के वार्निश वापरा. सगळ्या दुधाच्या दातांना मिळून पाव मिलिलिटर पुरते. ती भरणावर गेली तरी बिघडत नाही, उलट काही तास झाकते. फक्त रेझिन कोट लावायचा असेल तर आधी कोट आणि लाइट, मग फ्लोराइड वार्निश. उलटं केलं तर पुन्हा व्हॅसलीनसारखीच गत.

यवतमाळ-चंद्रपूरच्या फ्लोराइडवाल्या पाण्याच्या गावांत काही जण जीआयसीच टाळतात. भरणातून येणारं फ्लोराइड अगदी थोडं असतं. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचं पाणी लिटर-लिटर पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत चिंता पाण्याची करायची, भरणाची नाही.

आणि शाळेच्या फाटकासमोरची पेप्सीची कांडी, कैरी, चिंच, संत्रं. आम्लानं जीआयसी झिजतं. कायमची बंदी मुलं ऐकणार नाहीत, पण भरण केलं त्या दिवसापुरती अधीक्षकांना सांगून ठेवता येते. दिवसभर पाणी, वरण-भात, मऊ पोळी.

---

सातपुडा३२

सगळ्यांचे आभार. जेल एपीएफच आहे, बाटली आत्ता पाहिली. आणि शिबिरं मार्च-एप्रिलातली आहेत. दोन प्रश्न राहिले. व्हॅसलीनचा एकच डबा सगळ्या मुलांना चालतो का? आणि जुनं, चांगलं बसलेलं भरण असेल, त्याच्या शेजारच्या दाढेवर काम करताना त्याला काही करावं लागतं का?

---

बालदंत_वर्धा

डबा चालतो, बोट नाही. सकाळीच स्वच्छ स्पॅचुलानं वाटाण्याएवढे गोळे मिश्रणाच्या कागदाच्या तुकड्यांवर काढून झाकून ठेवा, एका मुलाला एक तुकडा. तोंडात गेलेलं बोट परत डब्यात नको.

जुन्या भरणाचा प्रश्न चांगला विचारलात. बोळे लावून दहा-पंधरा मिनिटं ती बाजू कोरडी ठेवली की जुनं जीआयसीही वाळतं आणि त्याला नव्यानं भेगा पडतात. शेजारी काम सुरू करण्याआधी त्यावर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, पण नव्या खळग्यापासून लांब आणि वेगळ्या ॲप्लिकेटरनं. आधीच भेगा असतील तर भरण उकरायची घाई नको. प्रोब अडकत नसेल, कड सुटली नसेल, तर ओल्या बोळ्यानं पुसा, टिपा, रेझिन कोटाचा एक थर आणि २० सेकंद. खडूसारखा भुगा निघत असेल तर तो थर कठीण भाग लागेपर्यंत खरवडा, पुन्हा कंडिशनर लावा आणि वरून नवं जीआयसी द्या. त्या कच्च्या थरावर कोट लावला तर कोट थरासकट निघतो.

---

तापमान४५

मार्च-एप्रिल असेल तर भरणाचं काम सकाळी ११ च्या आत उरका. दुपारी नुसती तपासणी आणि फ्लोराइड वार्निश ठेवा.